मुलीच्या पाठीचा जन्मजात बाक : ऑपरेशन आत्ता, की दहा वर्षांची होईपर्यंत थांबायचं?

प्रश्न (भुदरगड तालुक्यातल्या एका वडिलांचा, थोडक्यात) : मुलगी साडेतीन वर्षांची, वजन 12 किलो. दीड वर्षाची असताना आंघोळ घालताना पाठ एका बाजूला गेलेली दिसली. डी-12 (छातीचा शेवटचा मणका) आणि एल-1 (कमरेचा पहिला मणका) यांच्यामध्ये एक अर्धा मणका आहे असं सांगितलं. दोन वर्षांतले तीन एक्स-रे, त्यांतला बाक : 32, 41 आणि 49 अंश. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. दुसरे म्हणतात, दहा वर्षांची होऊ दे, तोवर बेल्ट लावा. ऑपरेशनमध्ये पाय जातात असं ऐकलंय. उंची खुंटेल का? खर्च झेपेल का? घरात मोठी माणसं म्हणतात, बायकोनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. दुसरं मूल होऊ द्यावं का?

उत्तर :

दहा वर्षांपर्यंत थांबायचा सल्ला तुमच्या मुलीला लागू नाही, हे आधी सांगतो. तो सल्ला कुठून येतो तेही कळतं. वयात येताना मुलींच्या पाठीला जो बाक येतो त्यात मणके सगळे धड असतात. तिथं वाढ पुरी होत आली की मग ऑपरेशन करणं शहाणपणाचं. तुमच्या मुलीचं तसं नाही. तिच्या कण्यात एक मणका अर्धाच घडलाय. त्या अर्ध्या मणक्याला वर आणि खाली स्वतःची गादी असेल, वाढीची पट्टी असेल, तर तोही वाढतो, पण एकाच बाजूनं. म्हणजे जितकी उंची वाढेल तितका बाक वाढणार. आणि पहिली पाच वर्षं ही कण्याच्या भरभर वाढीचीच : वर्षाला साधारण 2 सेंटीमीटर. पाच ते दहा वर्षांत ती निम्म्यावर येते आणि वयात येताना पुन्हा उसळते.

तरी पुढच्या आठवड्याची तारीखही घेऊ नका. तुमच्या आकड्यांत एक गोष्ट मला खटकते.

वर्षाला आठ-नऊ अंश ही वाढ एकट्या अर्ध्या मणक्याच्या मानानं फार आहे. छातीचा आणि कमरेचा कणा जिथं मिळतो त्या ठिकाणी असा सुटा अर्धा मणका वर्षाला सर्वसाधारण दोन ते साडेतीन अंशांनी बाक वाढवतो. तुमच्याकडे त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतंय. याची कारणं दोनच असू शकतात.

पहिलं कारण साधं आहे, मोजमापाचं. जन्मजात बाकात मणक्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात. कुठल्या कडेवरून रेघ मारायची हे प्रत्येक जण आपापल्या नजरेनं ठरवतो. तीच फिल्म दोन डॉक्टरांनी मोजली तर दहा अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यात तुमचा पहिला एक्स-रे दीड वर्षाच्या मुलीचा, म्हणजे बहुतेक झोपवून काढलेला, आणि नंतरचे उभं करून. झोपल्यावर बाक कमीच दिसतो. तेव्हा रिपोर्टवरचे आकडे बाजूला ठेवा, तिन्ही फिल्म किंवा त्यांच्या सीडी घेऊन एकाच माणसासमोर बसा, आणि तिन्हींवर त्याच त्या मणक्यांवरून रेघा मारून घ्या. हे काम दहा मिनिटांचं आहे. आजच्या घडीला तुमच्यासाठी यापेक्षा मोलाची तपासणी दुसरी नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत.

दुसरं कारण जास्त गंभीर. अर्ध्या मणक्याच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन मणके एकमेकांना चिकटलेले असतील, म्हणजे आम्ही ज्याला बार म्हणतो तो असेल, तर एक बाजू वाढतेय आणि दुसरी जखडलेली. सगळ्या प्रकारांत हा सर्वांत वाईट. यात वर्षाला पाच ते दहा अंश बाक सहज वाढतो. गंमत अशी की लहान वयात हा बार कूर्चेचा असतो, हाड झालेलं नसतं, त्यामुळे दीड वर्षाच्या एक्स-रेत तो दिसतच नाही. साडेतीन-चार वर्षांत दिसायला लागतो. म्हणून आता त्या भागापुरता, मुलांसाठीच्या कमी डोसमध्ये, थ्री-डी सीटी स्कॅन करून घ्या. एकटा अर्धा मणका निघाला तर ऑपरेशन छोटं. बार निघाला तर सगळा बेत बदलतो, आणि थांबायला जागा जवळजवळ उरत नाही.

सगळ्याच जन्मजात बाकांना चाकू लागतो असंही नाही. पुढं जेमतेम वाढणारे किंवा मुळीच न वाढणारे बाक साधारण चारात एक असतात. दोन मणके चारी बाजूंनी एकसंध चिकटलेले असले, किंवा अर्धा मणका शेजारच्या मणक्याला जुळून गेलेला असला, तर दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून नुसतं बघत बसणं हाच उपचार. तिन्ही फिल्म एका हातानं मोजल्यावर तुमची वाढ खरी ठरली, तर मात्र तुमची मुलगी या गटातली नाही.

ग्रहणाचं इथंच संपवतो. बाळाच्या कण्याचे मणके गर्भाच्या चौथ्या ते सहाव्या आठवड्यात आखले जातात. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ग्रहण पाळायचं की नाही हा प्रश्न यायच्या आधीच ते काम होऊन गेलेलं असतं. घरच्यांना हे माझ्या नावावर सांगा, वाटलं तर त्यांना घेऊन या.

त्याच आठवड्यांत मूत्रपिंड, हृदय आणि मज्जारज्जूही घडत असतात. म्हणून कण्यात खोट दिसली की आम्ही तिथंच थांबत नाही. पोटाची सोनोग्राफी करतो, कारण साधारण पाचातल्या एका मुलात मूत्रपिंडात किंवा मूत्रमार्गात काहीतरी निघतं; कधी एकच मूत्रपिंड असतं आणि कुणाला पत्ताही नसतो. हृदयासाठी टूडी इको. आणि पूर्ण कण्याचा एमआरआय. हा शेवटचा टाळायचाच नाही. साधारण 20 ते 40 टक्के मुलांत मज्जारज्जूचा काही ना काही दोष सापडतो : तो खाली अडकलेला असतो, त्यात पाणी साठलेलं असतं, किंवा मधोमध हाडाचा सुळका येऊन तो दुभंगलेला असतो. असा सुळका आत असताना वरून कणा सरळ केला तर रज्जू त्यावर ताणला जातो, आणि मग पाय गमावण्याची जी भीती तुम्ही ऐकलीय ती खरी होते. आधी न्यूरोसर्जननं तो मोकळा करायचा, मग कणा.

तुम्ही स्वतः घरी काही गोष्टी बघा. पाठीच्या मधोमध केसांचा झुपका, खळगी किंवा लाल डाग आहे का. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान आहे का, चप्पल एकाच पायाची झिजते का. दिवसा लघवी ठिबकते का. यातलं काही असेल तर एमआरआयच्या चिठ्ठीवर लिहायला लावा. या वयात एमआरआय भूल देऊन करावा लागतो, त्यामुळे घाबरू नका, आणि सीटी त्याच भुलेत उरकता आला तर बघा. धातूचे स्क्रू बसल्यावर त्या भागाची प्रतिमा गढूळ येते, म्हणून एमआरआय ऑपरेशनच्या आधीच हवा.

आता ऑपरेशन. एकटा अर्धा मणका निघाला असं धरून सांगतो.

मुलीला पालथं झोपवून पाठीवर मधोमध चीर देतात. पहिलं काम म्हणजे नेमका मणका हाच ना, हे एक्स-रेवर पक्कं करणं. ऐकायला सोपं वाटतं, पण या मुलांत फासळ्या कधी अकरा असतात, कधी तेरा, मणक्यांची मोजणी चुकायला वेळ लागत नाही. मग वरच्या आणि खालच्या धड मणक्यात स्क्रू बसवतात. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या मणक्याचा जो दांडा स्क्रूला आधार देतो तो काही मिलीमीटरचाच असतो, आणि त्याच्या आतल्या भिंतीला लागून मज्जारज्जूचं आवरण. मागची कमान काढायची, नसा बाजूला जपायच्या, मग अर्धा मणका आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गाद्या पार समोरच्या कडेपर्यंत साफ करायच्या. गादी थोडी जरी मागं राहिली तरी ती पुढं वाढते आणि बाक परत येतो. भिंतीत विटेच्या जागी बसलेली पाचर काढली की वरचा थर खाली टेकतो, तसं बाहेरच्या बाजूनं स्क्रू एकमेकांकडे दाबले की पोकळी मिटते आणि कणा सरळ होतो. काढलेलं हाड बारीक करून तिथंच भरतात, म्हणजे दोन्ही मणके जुळून येतात. सगळं पाठीमागूनच होतं. पूर्वी पोटाकडून आणि पाठीकडून अशा दोन वाटांनी करायचे. 2000 नंतरच्या काळात मागून एकाच वाटेनं करायची पद्धत रुळली.

यात जखडले जातात ते फक्त दोन-तीन मणके. हाच खरा मुद्दा आहे. तेच दहाव्या वर्षी केलं तर वर-खाली, तोल सांभाळायला भरपाई म्हणून तयार झालेले बाकही तोवर ताठ झालेले असतात. मग सहा, आठ, कधी दहा मणके जोडावे लागतात, रक्त जास्त जातं, नसांचा धोका वाढतो, आणि एवढं करून पाठ निम्मीच सरळ होते.

उंचीचा हिशोब तुम्हीच करा. जोडलेल्या एका सांध्यामागे वाढीच्या उरलेल्या प्रत्येक वर्षाला 0.07 सेंटीमीटर उंची जाते, असा आमचा अंदाज असतो. मुलींची वाढ 14 व्या वर्षापर्यंत धरतात. साडेदहा वर्षं, दोन सांधे : जेमतेम दीड सेंटीमीटर. वाकलेल्या पाठीत त्याहून जास्त उंची हरवते. छातीच्या भागातले बारा मणके जर चौथ्या वर्षी जोडले तर मात्र जवळजवळ आठ सेंटीमीटर जाईल, आणि तिथं प्रश्न उंचीचा राहत नाही, फुप्फुसांचा होतो. फुप्फुसांची वाढ मुख्यतः पहिल्या आठ-दहा वर्षांत होते. त्यांना जागाच मिळाली नाही तर मूल पुढं जिना चढताना धापा टाकतं. म्हणून लांब बाकाच्या लहान मुलांत सगळं जोडून टाकायची जुनी पद्धत आता मागं पडली.

त्या मुलांसाठी वाढत्या रॉडची पद्धत आहे. वर-खाली स्क्रू किंवा हुकांनी कणा पक्का धरायचा, मधला रॉड दर सहा महिन्यांनी लांबवायचा. फासळ्याही चिकटलेल्या असतील तर फासळ्यांना धरणारं वेगळं साधन असतं. तुमच्या मुलीला बार निघाला आणि बाक लांब असला तर हा विषय निघेल, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. वाढते रॉड घातलेल्या 140 मुलांच्या एका मोठ्या पाहणीत 58 टक्के मुलांना निदान एक तरी गुंतागुंत झाली, आणि प्रत्येक वाढीव ऑपरेशनगणिक धोका 24 टक्क्यांनी वाढत गेला. रॉड मोडतात, हुक सुटतात, जखम चिघळते. चुंबकानं बाहेरूनच लांबवायचे रॉड निघाले तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं, पण ते महाग आहेत, आणि आत धातूची पूड झडण्याच्या तक्रारी पुढं आल्या. उपाय दुसरा नसेल तर हे करावंच लागतं. दोन-तीन मणक्यांत काम भागण्याची वेळ तुमच्या हातात आहे तोवर ती घालवू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता पाय जाण्याचं. हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, बाप बहुधा दाराबाहेर गेल्यावर विचारतो.

परदेशातल्या सर्जनांच्या संघटनेनं जमवलेल्या मोठ्या नोंदीत जन्मजात बाकाच्या ऑपरेशननंतर नव्यानं नसांना इजा होण्याचं प्रमाण साधारण 2 टक्के होतं. यात पायाचा पंजा थोडा ढिला पडण्यापासून सगळं आलं, आणि त्यातले बरेच पुढच्या महिन्यांत सुधारतात. दोन्ही पाय कायमचे जाणं त्याहून खूप विरळ, पण शून्य नाही. शून्य सांगणाऱ्याकडे ऑपरेशन करू नका. तुमच्या मुलीच्या जागेवर मज्जारज्जूचं खालचं टोक येतं, त्यामुळे काळजी जास्त घ्यावी लागते.

ही काळजी म्हणजे काय ते जवळून सांगतो. ऑपरेशनभर डोक्यावरच्या सुयांमधून बारीक विजेचे ठोके दिले जातात आणि पायाच्या स्नायूंतून त्यांचं उत्तर येतं का ते पडद्यावर एक तंत्रज्ञ बघत असतो. याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. इतक्या लहान मुलांत नसांची वेष्टणं अजून पुरती तयार नसतात, उत्तर मुळातच फिकं येतं. त्यात भुलेचा वायू जास्त झाला तर ते नाहीसं होतं. म्हणून भूल शिरेतल्या औषधांवर ठेवावी लागते, आणि ती देणारा भूलतज्ज्ञ मुलांचा सराव असलेला हवा. पोकळी मिटवताना उत्तर मंदावलं, तर सगळे हात थांबतात. रक्तदाब वर आणायचा, हिमोग्लोबिन आणि अंगाचं तापमान बघायचं, शेवटची केलेली हालचाल उलट फिरवायची. उत्तर परतलं तर पुढं जायचं, नाही तर कमी सरळपणावर समाधान मानून टाके घालायचे. पाच अंश राहिले म्हणून कुणी सर्जनला दोष देऊ नये. आणि सगळं नीट झालं तरी पहिले दोन दिवस आयसीयूत नर्स सारखी येऊन पायाची बोटं हलवायला लावते, मूल झोपलेलं असलं तरी. कारण इजा क्वचित काही तासांनीही उमटते, आणि लवकर कळली तर उपाय होतो. तुमची झोप मोडेल, कुरकुरू नका.

रक्ताचं गणितही समजून घ्या. या वयात किलोमागे 75 मिलिलिटर रक्त धरतात. 12 किलोच्या मुलीच्या अंगात सगळं मिळून 900 मिलिलिटर. मोठ्या माणसाला 200 मिलिलिटर गेलेलं कळतही नाही. हिच्या अंगातलं ते जवळजवळ पाव रक्त आहे. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक आम्ल देतात, पण रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवी जुळवून ठेवलेली असल्याशिवाय सुरुवात करत नाहीत.

रोजच्या कामात मला जास्त दिसतात त्या गुंतागुंती मात्र कमी नाट्यमय आहेत. कोवळ्या हाडात स्क्रू सैल होतो किंवा दांडाच तुटतो. म्हणून तीन महिने पाठीला आधार देणारं जॅकेट, आणि या तीन महिन्यांत गुळगुळीत फरशीवर पळणं बंद. कातडी पातळ, म्हणून स्क्रूचं डोकं टोचतं. जखमेत जंतू शिरतात, विशेषतः हिमोग्लोबिन कमी आणि वजन तोकडं असेल तर. तुमची मुलगी 12 किलोची आहे. ऑपरेशनच्या आधी दोन महिने अंडी, दूध, शेंगदाणे, डाळ यांवर जोर द्या आणि हिमोग्लोबिन वर आणा. पांढरा रस्सा चालेल का असं कोल्हापुरात मला हमखास विचारतात. चालेल, पण तिच्या ताटात रश्शापेक्षा मटणाच्या फोडी जास्त पडू द्या. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गुंतागुंत : पाठ सरळ झाली म्हणून लोक यायचे बंद होतात. वयात येताना वर किंवा खाली नवा बाक येऊ शकतो. 14-15 वर्षांपर्यंत दर वर्षी एक फेरी ठेवायचीच.

बेल्टबद्दल : ताठ, छोट्या जन्मजात बाकावर बेल्टचा उपयोग नाही. हाड अर्धं आहे, बाहेरून दाबून ते पुरं होत नाही. लांब आणि लवचिक भरपाईच्या बाकाला कधी कधी देतो, पण तुमचा बाक तो नाही. बाहेरच्या तयार पट्ट्यावर पैसे घालवू नका. तालमीतल्या वस्तादाकडून पाठ चोळून घेणं, हात धरून लटकावणं, हेही थांबवा. आत रज्जू अडकलेला आहे की नाही हे कळेपर्यंत तर नक्कीच.

कुठं करायचं? मी कोल्हापुरात बसतो, तरी काही मुलांना मीच पुण्या-मुंबईला पाठवतो. शहराचं नाव विचारू नका, चार गोष्टी विचारा : न्यूरोमॉनिटरिंग तंत्रज्ञासह आहे का, लहान मुलांचा भूलतज्ज्ञ कोण, मुलांचा आयसीयू त्याच इमारतीत आहे का, आणि सर्जन लहान मुलांचे कणे नेहमी करतात का. सरळ विचारा, कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर तेही उत्तरच आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि एक्स-रे घेऊन आधी तिथं जा, आणि स्क्रू-रॉडचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का हे तोंडी नाही, लेखी विचारा. त्याआधी अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलीचं नाव घाला. जन्मजात दोषांची मुलं पुढं पाठवणं हे त्यांचं कामच आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवून ठेवा.

दुसऱ्या मुलाचं : एकच अर्धा मणका असेल आणि हृदय-मूत्रपिंड ठीक असेल, तर पुढच्या बाळाला हाच दोष होण्याची शक्यता फार कमी. अनेक मणके बिघडलेले निघाले तर मात्र ती काही टक्क्यांवर जाते, आणि जनुकतज्ज्ञाला विचारून मगच पुढं जा. दोन्ही प्रकारांत, दिवस जायच्या आधी निदान एक महिना तरी फोलिक आम्लाची गोळी सुरू करा, पहिल्या तीन महिन्यांत साखर असेल तर ती ताब्यात ठेवा, आणि 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना या मुलीचा एक्स-रे दाखवून कणा नीट बघायला सांगा.